ग्रोथ हॉर्मोनचा निष्कर्ष एका प्राण्यावरून दुसऱ्याला लावण्याआधी काय तपासावं

निरोगी माणसाला इन्सुलिन टोचून रक्तशर्करा खाली आणली की तासाभरात त्याच्या रक्तातलं ग्रोथ हॉर्मोन उसळी घेतं. हे इतकं भरवशाचं आहे की प्रौढांमधली या हॉर्मोनची कमतरता ओळखण्यासाठी हीच चाचणी कित्येक दशकं कसोटी मानली गेली. तेच इन्सुलिन प्रयोगशाळेतल्या रॅटला द्या. शर्करा तशीच उतरते, पण ग्रोथ हॉर्मोन चढण्याऐवजी दबून जातं. ग्रंथी तीच, हॉर्मोनही तेच, उत्तर मात्र उलटं.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत हे दिसत नाही. तिथे मध्ये ग्रोथ हॉर्मोन बनवणारी पिट्युटरी ग्रंथी असते, वर तिला हुकूम देणारा मेंदूचा भाग, म्हणजे हायपोथॅलॅमस असतो आणि आजूबाजूला बाण असतात: उपवास अधिक, ताण अधिक, कमी शर्करा अधिक, जास्त शर्करा उणे. बाण कोणाच्या शरीरातले, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते बहुतेक माणसाचे असतात. त्याच पुस्तकाच्या पुढच्या पानावर पुरावा म्हणून दिलेले प्रयोग मात्र बरेचदा रॅटवरचे असतात. पशुवैद्यक, प्राणिशास्त्र, फार्मसी किंवा वैद्यक शिकणाऱ्या कोणालाही ग्रोथ हॉर्मोनवरचा शोधनिबंध वाचायचा असेल, प्रयोग आखायचा असेल किंवा एखाद्या कुत्र्याचा, मांजराचा रिपोर्ट समजून घ्यायचा असेल, तर खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्याव्यात असं मला कळकळीने वाटतं. ग्रोथ हॉर्मोनला पुढे नुसतं जीएच म्हणतो.

पायरी १: सगळ्यांत सारखं काय, ते आधी पक्कं करा

फरक शोधायचे तर सामायिक पाया माहीत हवा. पिट्युटरीच्या पुढच्या भागातल्या सोमॅटोट्रोफ पेशी जीएच बनवतात. त्यांच्यावर हायपोथॅलॅमसचे दोन मुख्य हुकूम चालतात. एक जीएचआरएच, म्हणजे जीएच सोडायला लावणारं हॉर्मोन. दुसरं सोमॅटोस्टॅटिन, म्हणजे थांबवणारं. यांच्या जोडीला बाहेरून घ्रेलिन, जे मुख्यतः जठरातून येतं आणि जीएच सोडायला मदत करतं. सुटलेलं जीएच यकृतावर जाऊन आयजीएफ-१ हे वाढ घडवणारं दुसरं हॉर्मोन बनवायला लावतं, आणि हे आयजीएफ-१ परत वर जाऊन जीएचला आवर घालतं.

सोमॅटोस्टॅटिन १९७३ मध्ये मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून वेगळं केलं गेलं. त्याचं १४ अमिनो आम्लांचं रूप माशांपासून माणसापर्यंत जसंच्या तसं सापडतं. म्हणून सोमॅटोस्टॅटिनवर बेतलेलं औषध एका प्राण्यातून दुसऱ्यात नेणं तुलनेने सोपं जातं. जीएचआरएच १९८२ मध्ये सापडलं, तेही मेंदूत नाही, तर अ‍ॅक्रोमेगली (जीएच जास्त झाल्याने हातपाय, जबडा वाढवणारा आजार) झालेल्या रुग्णांच्या स्वादुपिंडातल्या गाठींमध्ये. हे मात्र प्राण्याप्रमाणे बदलतं. माणसात ४४ अमिनो आम्लं, रॅटमध्ये ४३, आणि त्यांच्या क्रमातही बराच फरक. सस्तन प्राण्यांत सुरुवातीची २९ आम्लं कामाला पुरतात, त्यामुळे माणसाचं जीएचआरएच गायीत, कुत्र्यात थोडंफार चालून जातं. पण ‘चालतं’ आणि ‘तेवढंच चालतं’ यांत अंतर आहे. निबंधात कोणत्या प्राण्याचं जीएचआरएच वापरलं ते शोधून मात्रेशेजारी लिहून ठेवा. घ्रेलिन १९९९ मध्ये रॅटच्या जठरातून मिळालं. २८ अमिनो आम्लांच्या या रेणूला तिसऱ्या जागी एक मेदाम्ल चिकटलेलं असतं आणि ते नसेल तर जीएचच्या बाबतीत घ्रेलिन निरुपयोगी ठरतं.

प्राण्यावरून माणसाकडे जाणं कधी अगदी बरोबर ठरतं, याचं उदाहरण इथेच देतो, कारण पुढचं सगळं वाचून ‘प्राण्यांवरचे प्रयोग फुकट’ असा समज व्हायला नको. माऊसमध्ये ‘लिटल’ नावाची एक ठेंगणी जात आहे. तिच्या जीएचआरएच रिसेप्टरमध्ये, म्हणजे या हॉर्मोनचा संदेश घेणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनात, बिघाड असतो. १९९६ मध्ये एका भारतीय मुस्लिम कुटुंबातल्या ठेंगण्या मुलांत त्याच रिसेप्टरच्या जनुकात, ७२ व्या जागी, प्रथिन अर्धवट तोडणारा बदल सापडला. पुढे सिंधमधल्या एका मोठ्या कुळात तोच बदल दिसला, आणि पश्चिम भारतातल्या ज्या कुटुंबांत जीएचची कमतरता पिढीजात आहे, त्यांच्या मुलांतही तो आढळला आहे. म्हणजे जीएचआरएचचा रिसेप्टर नसेल तर वाढ खुंटते, ही गोष्ट माऊसमध्ये आणि माणसात एकसारखी खरी आहे. रेणूची गरज बहुधा सामायिक असते. त्या रेणूला कधी आणि किती बोलावायचं, हे ज्याच्या त्याच्या जगण्यावर ठरतं, आणि फरक तिथे सुरू होतात.

पायरी २: हॉर्मोन कोणाचं आणि रिसेप्टर कोणाचा

विसाव्या शतकाच्या मध्याला गायी-डुकरांच्या पिट्युटरीतून काढलेलं जीएच ठेंगण्या मुलांना देऊन पाहिलं गेलं आणि काहीच झालं नाही. रॅटमध्ये हेच जीएच उत्तम काम करत होतं. नॉबिल आणि ग्रीप यांनी माकडांवर दाखवून दिलं की वानरकुळाला वानरकुळाचंच जीएच लागतं. १९५८ मध्ये मॉरिस रॅबेन यांनी माणसाच्या पिट्युटरीतलं जीएच एका रुग्णाला देऊन वाढ झाल्याचं प्रसिद्ध केलं आणि उपचाराची वाट उघडली. ती वाट मृतदेहांच्या ग्रंथींवरून जात होती. १९८५ मध्ये असं जीएच घेतलेल्या काही तरुणांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचं उघड झालं, अमेरिकेत ते वाटप थांबलं आणि त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनवलेल्या मानवी जीएचला मान्यता मिळाली. प्रजातीचा हा फरक नसता तर कत्तलखान्यातल्या ग्रंथींवर भागलं असतं आणि ही शोकांतिका घडलीच नसती. त्यामुळे या पायरीकडे कोणी पुस्तकी तपशील म्हणून पाहू नये.

कारण रिसेप्टरमध्ये आहे. माणसाच्या जीएच रिसेप्टरच्या ४३ व्या जागी अर्जिनिन असतं, इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत ल्युसिन. या एका बदलामुळे गायीचं जीएच माणसाच्या रिसेप्टरवर नीट बसत नाही. उलट दिशेला असा अडसर नाही: माणसाचं जीएच रॅट, माऊस, गाय सगळ्यांवर चालतं. शिवाय ते प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या हॉर्मोनच्या रिसेप्टरलाही चिकटतं, जे गायीचं जीएच करत नाही.

यातून वाचकाने करायची कृती सरळ आहे. माऊसला जीएच दिलं असं लिहिलेलं असेल तर ते मानवी होतं का, ते पाहा. मानवी असेल तर दिसलेल्या परिणामात प्रोलॅक्टिनचा वाटा मिसळलेला आहे. स्तनग्रंथी, प्रजनन किंवा प्रतिकारशक्ती यांविषयीचा निष्कर्ष असेल तर ही शंका आणखी गंभीर होते. कुत्रा आणि डुक्कर यांच्या जीएचमधला अमिनो आम्लांचा क्रम मात्र तंतोतंत एक आहे. तिथे एकाचं दुसऱ्याला द्यायला हरकत नसते.

पायरी ३: पोट रिकामं असताना बाण कुठे वळतो

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे सावकाश जा.

माणूस उपाशी राहिला की जीएचचे झोत वाढतात आणि मोठेही होतात. जेवण, विशेषतः साखर, त्यांना दाबते. अ‍ॅक्रोमेगलीच्या निदानात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून जीएच खाली जातं का ते पाहतात, ते याच नियमावर. मेंढीतही उपासमारीत जीएच वाढतं. कमी चारा मिळालेल्या गायीत वाढतं. कोंबडीत वाढतं, ट्राउट आणि सामन माशांतही वाढतं. रॅटमध्ये मात्र उपाशी ठेवल्यावर जीएचचे मोठे झोत जवळजवळ नाहीसे होतात. म्हणजे कोंबडी आणि मासा या बाबतीत माणसाच्या बाजूला, आणि सस्तन असूनही रॅट पलीकडे. उत्क्रांतीतली जवळीक पाहून अंदाज बांधू नका, असं मी म्हणतो ते यामुळे.

असं का होत असावं? उपाशी अवस्थेत जीएच चरबी फोडून इंधन पुरवायला आणि शर्करा टिकवायला मदत करतं. ज्याच्याकडे चरबीचा साठा आहे आणि जो दिवसचे दिवस तग धरू शकतो, त्याला ते फायद्याचं. रॅट लहान आहे, त्याचा चयापचय वेगवान आहे आणि साठा थोडा; उपाशीपणी वाढ बंद करणं त्याला जास्त परवडत असावं. हे स्पष्टीकरण मला पटतं, पण ते स्पष्टीकरण आहे, मोजमाप नाही. निबंधात अशी वाक्यं येतात तेव्हा ती निकालाच्या रकान्यात टाकू नका.

आता बारकावा. माऊसलाही थोड्या काळासाठी पूर्ण उपाशी ठेवलं की जीएचचे झोत दबतात. पण त्याचं अन्न ६० टक्क्यांनी कमी करून कित्येक दिवस ठेवलं आणि चरबी संपत आली की जीएच खूप वाढतं. २०१० मध्ये असं दाखवलं गेलं की घ्रेलिनला मेदाम्ल जोडणारं एन्झाइम काढून टाकलेल्या माऊसमध्ये ही वाढ पुरेशी होत नाही, आणि त्यांची शर्करा जीवघेणी उतरते. जीएच किंवा घ्रेलिन पुरवलं तर वाचतात. त्यामुळे ‘उपवास’ हा एक शब्द वाचून पुढे जाऊ नका. किती तास, किती दिवस, पूर्ण उपाशी की निम्मं अन्न, आणि अंगावर चरबी किती उरली होती, हे चारही लिहून घ्या.

ताणाचंही तसंच. माणसात शस्त्रक्रिया, जोरदार व्यायाम, भीती यांनी जीएच वर जातं. रॅटमध्ये पकडणं, बांधणं, जागा बदलणं एवढ्यानेही ते खाली येतं. याचा थेट फटका प्रयोगाला बसतो. रॅटला हातात धरून शेपटीतून रक्त काढलं आणि जीएच कमी आलं, तर ते औषधामुळे की धरल्यामुळे, हे सांगता येत नाही. आधी नळी बसवून, प्राण्याला बरं व्हायला आणि पिंजऱ्याला सरावायला वेळ देऊन, त्याला हात न लावता रक्त घेतलं असेल तरच आकडा ग्राह्य धरा. निबंधातल्या ‘पद्धती’ भागात हे सापडलं नाही, तर मी तो निबंध बाजूला ठेवतो.

पायरी ४: नर की मादी, वय काय, आणि रक्त कितव्या मिनिटाला काढलं

जीएच सतत पाझरत नाही, झोताझोताने सुटतं. माणसात त्याची रक्तातली अर्धी मात्रा २० मिनिटांच्या आसपास संपते, म्हणून दोन झोतांच्या मध्ये घेतलेला नमुना जवळजवळ शून्य दाखवू शकतो. रात्री झोप लागल्यावर पहिल्या गाढ झोपेत मोठा झोत येतो, पुरुषांत तर दिवसातला सर्वांत मोठा बहुधा तोच असतो. सकाळी एकदा रक्त काढून ‘जीएच कमी आहे’ म्हणणाऱ्या रिपोर्टला त्यामुळे अर्थ नसतो. लहान मुलांत क्लोनिडीन, ग्लुकागॉन अशी औषधं देऊन ठरावीक अंतराने अनेक नमुने घेतात, ते याचसाठी.

नर रॅटमध्ये झोत साधारण सव्वातीन तासांनी येतात आणि मधल्या काळात जीएच जवळजवळ सापडत नाही. मादीत झोत लहान, अनियमित, आणि तळाची पातळी उंच. जन्माच्या सुमारास मिळालेले नर-हॉर्मोन हा साचा ठरवतात. या फरकाचा परिणाम यकृतापर्यंत जातो. नरातल्या थांबून थांबून येणाऱ्या झोतांमुळे स्टॅट-५बी हा संदेशवाहक पुन्हा पुन्हा जागा होतो आणि सीवायपी-२सी११ हे एन्झाइम बनतं; मादीच्या सलग पातळीमुळे सीवायपी-२सी१२ बनतं. ही एन्झाइमं औषधं मोडतात. म्हणून नर आणि मादी रॅट तेच औषध वेगळ्या वेगाने संपवतात. माणसातही स्त्रियांची जीएचची पातळी पुरुषांपेक्षा जास्त असते, पण यकृतातला असा टोकाचा स्त्री-पुरुष फरक माणसात नाही. फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य अधोरेखित करावं: रॅटमधला लिंगभेद पाहून माणसाच्या औषधमात्रेचा अंदाज बांधता येत नाही.

झोत कोण ठरवतं, याचंही उत्तर प्रत्येक प्राण्यात वेगळं मिळतं. रॅटमध्ये जीएचआरएच आणि सोमॅटोस्टॅटिन आळीपाळीने चढतात-उतरतात. त्यामुळे नर रॅटला बाहेरून दिलेलं जीएचआरएच एका वेळी भरपूर जीएच सोडवतं आणि तासा-दीड तासाने, सोमॅटोस्टॅटिन चढलेलं असताना, फारसं काही करत नाही. जाग्या मेंढीत हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी यांना जोडणाऱ्या रक्तवाहिनीतून थेट नमुने घेतले तेव्हा जीएचचे बरेचसे झोत जीएचआरएचच्या झोतांसोबत आलेले दिसले, सोमॅटोस्टॅटिनशी मात्र तसा पक्का मेळ दिसला नाही. म्हणून रॅटमधली ‘ब्रेक सुटला की गाडी धावते’ ही गोष्ट मेंढीला आपोआप लागू होत नाही.

नमुन्यांमधलं अंतर तपासायला विसरू नका. माणसात १० ते २० मिनिटांनी, पूर्ण दिवसभर, हा चांगला अभ्यास. माऊसचं एकूण रक्तच दोन मिलिलिटरच्या आतबाहेर असल्यामुळे पूर्वी हे अशक्य होतं. आता शेपटीच्या टोकातून दर १० मिनिटांनी जेमतेम ४ मायक्रोलिटर रक्त घेऊन अतिसंवेदनशील चाचणीने मोजता येतं. जुन्या माऊस-निबंधांतले एका नमुन्यावरचे निष्कर्ष त्यामुळे पुन्हा तपासायला हवेत.

पायरी ५: जीएच सोडवणारे इतर हात शोधा

पक्षी आणि मासे यांच्यावर काम करणाऱ्यांसाठी ही पायरी महत्त्वाची. बाकीच्यांनी वरवर वाचली तरी चालेल.

टीआरएच हे थायरॉइडच्या साखळीतलं हॉर्मोन. कोंबडीच्या पिल्लांत ते जीएच जोरात सोडवतं. निरोगी माणसात तसं करत नाही, पण अ‍ॅक्रोमेगलीच्या बऱ्याच रुग्णांत करतं. थायरॉइडचं टी३ रॅटमध्ये जीएचच्या जनुकाला चालना देतं, कोंबडीत जीएच दाबतं. कुक्कुटपालनातल्या वाढीवर लिहिताना रॅटचा थायरॉइड-नियम उचलला की सगळं उलटंपालटं होतं.

माशांत तर रचनाच वेगळी. सस्तन प्राण्यांत हायपोथॅलॅमसचे हुकूम छोट्या रक्तवाहिन्यांतून पिट्युटरीपर्यंत जातात; हाडांच्या माशांत चेतातंतू थेट पिट्युटरीत शिरतात. गोल्डफिशमध्ये पीएसीएपी हा मेंदूतला छोटा प्रथिन-रेणू, प्रजननाची सूत्रं हलवणारं जीएनआरएच आणि डोपामाइन हे सगळे जीएच सोडवतात, आणि नॉरएपिनेफ्रिन ते थोपवतं. माणसात क्लोनिडीन नॉरएपिनेफ्रिनच्याच एका रिसेप्टरमधून जीएच वाढवतं, हे शेजारी ठेवून पाहा. विणीच्या हंगामाला जोडून माशांची वाढ का बदलते, याचा एक धागा जीएनआरएचच्या या दुहेरी कामात आहे. आणखी एक सावधगिरी: माशांतल्या ज्या रेणूला बराच काळ जीएचआरएचसारखा म्हटलं जायचं, तो खरा जीएचआरएच नव्हता, माशांतला खरा जीएचआरएच आणि त्याचा रिसेप्टर २००७ मध्ये समोर आला. त्याआधीच्या मत्स्यनिबंधांत ‘जीएचआरएच’ दिसलं तर कोणता रेणू वापरला ते क्रम पाहून ठरवा.

पायरी ६: जीएच पिट्युटरीतूनच आलं का

घरी मादी कुत्रा किंवा मांजर असणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

गर्भवती स्त्रीत वार स्वतःचं वेगळं जीएच बनवते. ते झोताने नाही, संथ सलग येतं, आणि गर्भारपणाच्या उत्तरार्धात पिट्युटरीचं जीएच जवळजवळ बंद पडतं. रॅट आणि माऊसमध्ये जीएचचं एकच जनुक आहे, माणसासारखं वारेचं जीएच नाही. त्यामुळे गर्भारपणातल्या जीएचचा प्रश्न उंदरांवर सुटणार नाही.

कुत्रीचं प्रकरण याहून वेगळं. माज संपल्यानंतरच्या प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली, किंवा माज दाबायला दिलेल्या मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनसारख्या इंजेक्शनांमुळे, तिच्या स्तनग्रंथी जीएच बनवून रक्तात सोडू लागतात. ते पिट्युटरीच्या आवाक्याबाहेरचं असल्याने सोमॅटोस्टॅटिन त्याला थांबवू शकत नाही. मग कातडी जाड होते, घड्या पडतात, दातांमध्ये फटी येतात, घशातून घरघर ऐकू येते, पाणी पिणं-लघवी वाढते, मधुमेहही होतो. कुत्रीतली अ‍ॅक्रोमेगली ती हीच. उपाय बहुतेकदा सरळ असतो: इंजेक्शन बंद करणं आणि अंडाशय काढणं. माज दाबण्याची इंजेक्शनं घेत असलेल्या कुत्रीत ही लक्षणं दिसली तर डॉक्टरांना इंजेक्शनांची माहिती आवर्जून द्या. ती सांगितली नाही तर निदान भलतीकडे जाऊ शकतं.

मांजरात अ‍ॅक्रोमेगली होते ती पिट्युटरीच्या गाठीमुळे, बहुधा मध्यमवयीन किंवा म्हाताऱ्या बोक्यांत. इन्सुलिन वाढवत नेलं तरी मधुमेह आटोक्यात येत नाही, ही मुख्य खूण. ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक मधुमेही मांजरांच्या तपासणीत सुमारे चौथ्या हिश्श्यात आयजीएफ-१ संशय घ्यावा इतकं जास्त निघालं. अंडाशय काढण्याचा कुत्रीवरचा उपाय इथे लागू नाही. नाव एक, पण आजाराचं उगमस्थान दोन वेगळ्या अवयवांत.

पायरी ७: जीएच वाढलं म्हणजे वाढ झाली, असं धरू नका

जीएच आणि आयजीएफ-१ यांच्यातला दुवा तुटू शकतो. व्यायलेल्या गायीत पहिल्या काही आठवड्यांत जीएच चढलेलं आणि आयजीएफ-१ उतरलेलं असतं, कारण यकृतातला जीएच रिसेप्टर कमी झालेला असतो. जीएच चरबी फोडून दुधाकडे इंधन वळवतं, शरीर वाढवत नाही. उपाशी माणसातही हेच: जीएच वर, आयजीएफ-१ खाली. कोंबड्यांतली लिंगसंलग्न ठेंगणी जात आणि माणसातला लॅरॉन सिंड्रोम या दोन्हींत रिसेप्टर बिघडलेला असतो. जीएच भरपूर, आयजीएफ-१ नगण्य, उंची खुंटलेली. नुसतं जीएच मोजणाऱ्याला हे चित्र पूर्ण उलटं दिसेल.

गायींना दूधवाढीसाठी द्यायचं जनुकीय तंत्राचं जीएच अमेरिकेत १९९३ मध्ये मान्य झालं. जनावरांच्या आरोग्याच्या कारणावरून कॅनडाने १९९९ मध्ये ते नाकारलं, युरोपीय संघातही त्यावर बंदी आहे. अमेरिकेतले दूधवाढीचे आकडे पोटभर, संतुलित खुराक मिळालेल्या होल्स्टीन गायींचे होते. उन्हाळ्यात चारा तुटलेल्या मराठवाड्यातल्या गायीचं जीएच आधीच चढलेलं असणार आणि यकृत त्याला दाद देत नसणार. तिला जीएच कमी नाही, खुराक कमी आहे. परदेशी आकडे आपल्या गोठ्यावर लावणाऱ्यांना हे स्पष्ट सांगायला हवं. दुधातून येणाऱ्या गायीच्या जीएचची भीती बाळगणाऱ्यांनी पायरी २ परत वाचावी: ते माणसाच्या रिसेप्टरवर बसत नाही, आणि प्रथिन असल्यामुळे पोटात पचूनही जातं.

पायरी ८: मोजलं कशाने

मानवी जीएचसाठी बनवलेली चाचणी कुत्र्याच्या किंवा रॅटच्या रक्तावर चालेल असं गृहीत धरू नका. अँटिबॉडी प्रजातीप्रमाणे लागते. कुत्र्याचं आणि डुकराचं जीएच एकच असल्याने डुकरासाठीची चाचणी कुत्र्याला वापरता येते, मानवी नाही. आयजीएफ-१ प्राण्याप्राण्यांत बरंच सारखं आहे, त्यामुळे मानवी किट अनेकदा चालतं, पण ते बांधून ठेवणारी प्रथिनं आधी नीट वेगळी केली नसतील तर आकडा फसवा येतो.

कुत्र्याच्या आयजीएफ-१चा रिपोर्ट वाचताना जात पाहा. २००७ मध्ये दाखवलं गेलं की कुत्र्यांच्या लहान-मोठ्या आकाराच्या फरकात आयजीएफ-१ जनुकाच्या एका रूपाचा मोठा वाटा आहे. चिवावामध्ये जी पातळी नेहमीची, ती ग्रेट डेनमध्ये कमतरतेची खूण असू शकते. एका आकड्याची संदर्भमर्यादा सगळ्या कुत्र्यांना लावणारा रिपोर्ट परत विचारून घ्या.

रक्तात जीएचला बांधून ठेवणारं एक प्रथिनही फिरत असतं. माणसात ते रिसेप्टरचा बाहेरचा भाग तुटून बनतं, रॅट-माऊसमध्ये त्याच जनुकाच्या वेगळ्या संदेशातून. म्हणून माणसात त्याची पातळी रिसेप्टरचा अंदाज देते, उंदरांत तसा अर्थ काढता येत नाही. तोंडावाटे इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत यकृत जीएचला कमी दाद देतं; जीएच वर आणि आयजीएफ-१ खाली दिसतं. गोळी की त्वचेवरची पट्टी, हे विचारल्याशिवाय अशा रिपोर्टवर मत देऊ नका.

या पायऱ्या एका प्रचलित दाव्यावर लावून पाहा

‘उपवासाने ग्रोथ हॉर्मोन कित्येक पट वाढतं, म्हणून स्नायू वाढतात’ हा दावा सध्या व्यायामशाळांपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे फिरतो आहे. पायरी ३ घ्या: माणसात उपवासाने जीएच वाढतं, हे खरं. रॅटवरचा निबंध पुरावा म्हणून जोडलेला असेल तर तो बाद, कारण तिथे उलट होतं. पायरी ४: वाढ एका नमुन्यावरून सांगितली आहे की दिवसभराच्या नमुन्यांवरून? एकच नमुना असेल तर ‘कित्येक पट’ हा आकडा झोताच्या वेळेवर अवलंबून आहे. अभ्यास पुरुषांवरचा असेल तर स्त्रियांना तो जसाच्या तसा लावू नका. पायरी ७: त्याच वेळी आयजीएफ-१ काय झालं? लांबलेल्या उपवासात ते उतरतं. शरीर अशा वेळी चरबी जाळत असतं आणि असलेले स्नायू शक्य तेवढे वाचवत असतं. नवे बांधत नसतं. दावा करणाऱ्याकडे आयजीएफ-१ आणि स्नायूंचं प्रत्यक्ष मोजमाप मागा. ते नसेल, तर त्याच्या जीएचच्या आकड्यावरून स्नायूंविषयी काहीच सिद्ध होत नाही.